जिने साक्ष दिली तिच्या नावे घर

मी, नाथाजी बापूजी खराडे, हवालदार पेन्शनर, धंदा शेती, राहणार मौजे कुमठे, तालुका तासगाव, पूर्वीचा जिल्हा सातारा व हल्लीचा दक्षिण सातारा, हा कागद माझ्या घराच्या सोप्यात बसून, दिवसाउजेडी आणि पूर्ण शुद्धीवर करून ठेवीत आहे. छातीचे दुखणे आहे, चार पावले टाकली की धाप लागते. पण स्मरण जागेवर आहे आणि कोणी माझा हात धरून हे लिहवून घेत नाही. मी सांगतो व तासगावचे वकील रा. पेठकर लिहितात. मी मध्येच भरकटलो तर तेही लिहा, असे मी त्यांना सांगितले आहे. त्याशिवाय या कागदाचा अर्थ मागच्यांना लागणार नाही.

कलम पहिले. राहते घर व ओढ्याकाठचा मळा ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. वडिलांकडून मला फक्त त्यांचे नाव आले. घर व मळा मी पलटणीतून सुटून आल्यावर घेतला. म्हणून त्याची व्यवस्था कशी लावावी हा अधिकार माझा एकट्याचा आहे. भाऊकीने त्यात पडू नये.

कलम दुसरे. राहते घर, परसासह व गोठ्यासह, मी माझी थोरली सून अंजना, भ्रतार आकाराम, हिच्या एकटीच्या मालकीचे करीत आहे. मुलाच्या नव्हे, सुनेच्या. वकिलांनी मला दोनदा विचारले आणि मी दोन्ही वेळा तेच सांगितले.

आता कारण सांगतो.

माझा थोरला मुलगा आकाराम लढाईत मोटार-ड्रायव्हर होता. सुटून आल्यावर तासगावच्या एका व्यापाऱ्याच्या लॉरीवर राहिला. गाडी चालवावी ती त्यानेच, असे लोक म्हणत. पण लढाईतून तो दारूही शिकून आला होता. १९४६ सालच्या उन्हाळ्यात तो गुळाच्या भेली भरून सांगलीच्या पेठेस निघाला. अंजनाची बहीण माधवनगरला असते, तिच्याकडे जायचे म्हणून अंजना शेजारी बसली. वाटेत दारूच्या एका गुत्त्यापाशी त्याने गाडी उभी केली. तेथून निघाल्यावर थोड्याच अंतरावर धनगरांचा कळप रस्त्याच्या कडेने चालला होता. धुळा नावाचा धनगर पुढे होता. त्याची बायको धोंडुबाई मागे, कोकरू खांद्यावर घेऊन. गाडी कडेला गेली आणि ती चाकाखाली आली.

आकारामने गाडी तशीच पुढे काढली होती. अंजनाने त्याचे मनगट धरले आणि म्हणाली, "गाडी उभी करा, न्हाईतर मी उडी टाकते." तिने खाली उतरून त्या बाईचे डोके मांडीवर घेतले, तोंडात पाणी घातले. बाई तिच्या मांडीवरच गेली. धुळा मागे पळत आला तेव्हा कोकरू रस्त्यातच ओरडत उभे होते. मनगट धरल्याचे मला पुढे आकारामने सांगितले; बाकीचे अंजनाने नव्हे, धुळाने.

गुन्हा आमच्या हद्दीत घडला म्हणून खटला तासगावास चालला. थोडे पुढे घडता तर सांगली संस्थानात गेला असता. डॉक्टरांनी आकारामला तपासले ते दुसऱ्या दिवशी, तोवर तोंडाचा वास गेलेला. धुळा बायकोपाशी धावला होता, गाडीत बसून राहिलेल्या माणसाजवळ गेला नव्हता. व्यापाऱ्याच्या वकिलाने सांगितले, ब्रेक तुटला आणि मेंढरे आडवी आली असे म्हणा, मुलगा सुटेल. दारूची गोष्ट सांगणारे माणूस एकच होते, आणि ते माझ्या घरात भाकरी थापत होते.

माझा धाकटा भाऊ ज्ञानू तिला म्हणाला, "पोरी, तुझ्या कुकवाचा परश्न हाय. बिरेक तुटला म्हण, लय सोपं हाय."

ती दाराआड उभी होती. तिने मला विचारले, "मामंजी, तुमी काय म्हनता?"

मला काही बोलता आले नाही. मुलगा माझा होता. ती म्हणाली, "खरं बोलू नगं, असं तुमी म्हनला न्हाई, एवढं बास हाय मला."

पहिल्या लढाईत पलटणीबरोबर मेसोपोटेमियात असताना टायग्रिस नदीचा पूर मी पाहिला आहे. उभे उंट त्यात काडीसारखे वाहत गेले. याहून मोठे काही आपल्या डोळ्यांस दिसायचे नाही, असे मला तेव्हा वाटले होते. तासगावच्या कोर्टात अंजना पिंजऱ्यात चढली तेव्हा ते मत मला बदलावे लागले. जी बाई माझ्यासमोर कधी चपला घालून फिरली नाही, जिने वडीलधाऱ्यांपुढे आवाज चढवला नाही, ती पदर डोक्यावर घेऊन सगळ्या गावासमोर उभी राहिली.

मॅजिस्ट्रेट साहेब तिला म्हणाले, "नवऱ्याने तुला एकांतात काय सांगितले ते आम्ही विचारणार नाही. कायदा तशी सक्ती करीत नाही. तू डोळ्यांनी काय पाहिलेस तेवढेच सांग." हेही मी विसरलेलो नाही. सरकारचा एवढा मोठा कायदा नवरा-बायकोच्या बोलण्यापाशी येऊन बाहेर थांबतो, आणि तरी मेलेल्या धनगरणीसाठी उभा राहतो, याचे मला आजही नवल वाटते.

तिने सांगितले, "गुत्त्यावर गाडी थांबवली. मी गाडीतच बसले हुते. आल्यावर त्यास्नी दारूचा वास येत हुता. चाकावर हात ठरत नव्हता. मी म्हनलं, जरा पडा झाडाखाली. त्यांनी ऐकलं न्हाई."

आरोपीचे वकील उठले. "नवरा तुला मारतो, म्हणून हा सूड घेतेस?"

"न्हाई. त्यांनी मला कवा बोट लावलं न्हाई. लय चांगला मानूस हाय त्यो."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारले, "तुझ्या या बोलण्याने तो तुरुंगात जाईल, हे तुला कळते ना?"

"कळतंय साहेब. त्ये परत येत्याल. धोंडुबाई न्हाई येयाची."

कोर्टात पंख्याची दोरी ओढणारा माणूसही थांबला. मग साहेबांनी आकारामला विचारले, तुला काही सांगायचे आहे का. त्याचा वकील खुणा करीत होता. आकाराम म्हणाला, "ती खोटं बोलत न्हाई."

निष्काळजीपणे गाडी हाकून जीव घेतल्याबद्दल दीड वर्ष सक्तमजुरी, दारू पिऊन मोटार हाकल्याबद्दल त्याखेरीज काही महिने, आणि लायसन्स काढून घेतले. साहेबांनी ते कागद टेबलावर ठेवायला लावले, तेव्हा आकारामचा हात खिशातून लवकर निघेना. बेड्यांपेक्षा त्याला ते जड गेले असे मला वाटते.

त्यानंतर गावाने अंजनाशी बोलणे टाकले. पाणवठ्यावर बायका घागर उचलून बाजूला होत. ती महिन्याच्या महिन्याला भिलवडी स्टेशनावरून गाडीने सातारा रोडला व तेथून साताऱ्याच्या तुरुंगात जाई. मी सोबत असे. सुरुवातीला आकाराम भेटीला बाहेरच येईना. ती दिवसभर फाटकापाशी बसे, भाकरी शिपायाजवळ देई आणि परत फिरे. मी एकदा चिडून म्हणालो, आता नको जाऊ. ती म्हणाली, "मी कोर्टात म्हनले हुते, त्ये परत येत्याल. मग वाट कुनी बघायची?" पावसाळा सरल्यावर एकदा तो बाहेर आला. जाळीच्या दोन्ही बाजूंना दोघे नुसते उभे होते. मी तेथून बाजूला झालो. स्वराज्य आले तेव्हा तो आतच होता.

सुटून आला तो उंबऱ्यापाशी थांबला. अंजना आतून म्हणाली, "पाय धुवून या. भाकरी गरम हाय." त्या दिवसापासून तो मोट हाकतो. दारूला शिवलेला नाही. लायसन्स पुन्हा मागायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे. मी त्यात काही लिहीत नाही.

कलम तिसरे. मळ्याचा दक्षिणेकडचा अर्धा भाग धाकटा मुलगा कृष्णात यास. माझे पलटणीतले पदकही त्यालाच. ते त्याने लहानपणी गोठ्यात पुरले होते आणि ते शोधायला मला दोन बैल हलवावे लागले होते.

कलम चौथे. मुलगी चंद्राबाई, हल्ली लोणंद, हिला तिच्या आईची तांब्याची सर्व भांडी.

कलम पाचवे. धुळा धनगराने व त्याच्या पुढच्यांनी दर साली खाली उतरताना माझ्या विहिरीवर मेंढरांना पाणी पाजावे आणि मोकळ्या रानात उतरावे. त्याला कोणी अडवू नये. हा उपकार नाही आणि मोबदला तर नाहीच. मोबदला होत नसतो.

कलम सहावे. माझा भाऊ ज्ञानू याने त्या खटल्यापासून माझ्या घरचे पाणी घेतलेले नाही. माझ्या तिरडीला खांदा द्यायचा असेल तर त्याने आधी अंजनाच्या हातचा तांब्या घ्यावा. नसेल तर लांबून बघावे.

कलम सातवे व शेवटचे. मळ्याचा उत्तरेकडचा अर्धा भाग मी आकारामला लिहिणार होतो. परंतु साक्ष घालायला भाऊकीतले कोणी येईना. सुनेला घर देणाऱ्या कागदावर आमची सही नको, असे एकेकाने कळवले. गावचे मास्तर दादासो तेवढे आले. दोन साक्षीदार लागतात. आकाराम वैरण टाकून आला आणि म्हणाला, मी करतो सही. वकील म्हणाले, ज्याला मिळकत मिळायची त्याने साक्ष न घातलेली बरी, पुढे कोणी वाद काढील.

आकाराम म्हणाला, "मग माजं नाव काढा. माजी अर्धी बी तिलाच लिवा."

मी विचारले, "इचार केलास का?"

"आबा, तिनं माज्यासाठी एकदा साक्ष दिली. आता मला घालू द्या."

माझ्याविरुद्ध, असे तो म्हणाला नाही. माझ्यासाठी, असे म्हणाला. पेठकर वकिलांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, जसे बोलला तसेच लिहा. अंजना स्वयंपाकघरात होती. तिला हे ऐकू गेले असावे, कारण आतला भाकरीचा आवाज थांबला.

सबब उत्तरेकडचा अर्धा भागही अंजना हिलाच दिला आहे. हा सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे.

स्थळ : कुमठे. मार्गशीर्ष महिना, सन १९४९.

नाथाजी बापूजी खराडे, सही दस्तुरखुद्द.

साक्षीदार :
१. दादासो तुकाराम लोहार, शिक्षक, कुमठे.
२. आकाराम नाथाजी खराडे, धंदा शेती, कुमठे. समक्ष पाहून, शुद्धीवर सही केली.