नालवाडीतली नेग्रोनी

८ सप्टेंबर २०२४, रविवार

फोन आला! शुक्रवारी नागपुरात प्रात्यक्षिक. गोव्यातल्या हॉटेलच्या बारसाठी. 'नेग्रोनी कॉकटेल बनवून दाखवायचं.' हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात एकदाच बनवलं होतं, तेही घाईत. आणि इथं, आमच्या दारूबंदीच्या जिल्ह्यात, सराव करू कशावर?

आईला अजून 'हॉटेलात नोकरी' एवढंच माहीत आहे.

१० सप्टेंबर

तोड निघाली. जिनऐवजी साधं पाणी. व्हर्मूथ या गोड वाइनऐवजी साखर घातलेला कोरा चहा. कंपारी लाल नि कडू — म्हणून बिटाच्या पाण्यात काडेचिराईत. तिन्हींचं माप सारखं, भरपूर बर्फ, चमच्यानं सावकाश ढवळायचं. वर संत्र्याची फोड. संत्रं बाजारात हिरवटच मिळालं.

रंग हुबेहूब!

११ सप्टेंबर



संत्र्यासाठी सुरी आणायला आत गेले. परत येते तर बाबा टेबलाशी उभे, हातात माझा ग्लास — रिकामा. एका दमात! त्यांची दारू आईनं भांडून, रडून, पाया पडून सोडवली. सात वर्षं झाली.

"बाबा, चहा अन् बीट आहे ते!" मला हसूच आलं.

ते हसले नाहीत. "मले वाटलं, खरी हाय," म्हणाले. आणि ग्लास अगदी जपून खाली ठेवला.

आई दारातच होती. मग सांगावंच लागलं — गोवा, बार, सगळं.

"तुले दुसरं काही भेटलं नाई काय शिकाले?"

एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१२ सप्टेंबर

बाबा भिंतीकडे तोंड करून पडून होते.

१३ सप्टेंबर

निवड झाली! खरी बाटली हातात आली तेव्हा मात्र तिच्या वासानं क्षणभर थांबले. परीक्षक म्हणाले, "तोल चांगला साधलाय." बसमध्ये रडू आलं. आनंदाचं म्हणवत नाही.

घरी आले तर आईनं माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवलेली. "जाय तू. तुह्या बाबाकडं मी पाहीन."

२१ ऑक्टोबर, पणजी

बाबांचा फोन. दिवाळीला घरी यायचं तिकीट काढलंय, असं मी सांगितलं. ते म्हणाले —

"येऊ नोको, बेटा. तुह्या अंगाले तो वास येईन. मले भेव वाटते."

बरं म्हटलं.