लिंबाची मुळी खांद्याला

मंगळवार, संध्याकाळ

दुधाचा टेम्पो आज वस्तीच्या वळणावर रुतला. ढकलताना पाय घसरला म्हणून मी कडेच्या कडुलिंबाची मुळी धरली. ती माझ्या खांद्याला लागत होती.

लग्न होऊन आले तेव्हा ह्याच मुळीवर बसून मी पारनेरच्या जीपची वाट बघायचे. पाय रस्त्याला टेकायचे. मग आज ती खांद्याशी कशी?

टेम्पोवाला म्हणाला, "ताई, उद्यापासून दूध डांबरीवर आणून द्या. मी आत न्हाई यायचा."

घरी सासूबाई म्हणाल्या, "झाड म्हातारं झालं की मुळ्या वर येत्यात." नाही हो आत्या. मुळी होती तिथंच आहे, रस्ता खाली गेलाय. आणि आम्हीच नेलाय. दर वर्षी घट बसायच्या आधी, देवीच्या वाटेला खड्डे नकोत म्हणून जेसीबी लावतो. तो खड्ड्यांबरोबर वरचा कठीण मुरूमही खरवडून कडेला लोटतो. त्याचे दोन्हीकडे बांध झालेत. पावसाचं पाणी बाहेर पडत नाही, रस्त्यातूनच धावतं आणि राहिलेली माती घेऊन जातं. आम्ही रस्ता नीट करत होतो की ओढा खणत होतो? रोज त्या मुळीखालून जाते मी. मला कसं दिसलं नाही?

दिरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली.

"बरुबर हाय वहिनी. रस्ता लईच खराब झालाय. म्हणून तर उद्या सकाळी जेसीबी सांगितलाय."