दाराची फट आणि माझे चार रंधे

मी, सिद्धेश्वर मलप्पा पांचाळ, वय ७४, धंदा सुतारकाम, राहणार उमरी, जि. नांदेड, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की माझी अक्कल जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानांचा दाखला त्यांनी दिला नाही. तो पुढे मीच देतो.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी केवळाबाईची. गावाला दारं करून दिली, पण आमच्या दाराला सहा वर्षं गोणपाट होतं. ती त्याबद्दल एकदाच बोलली. तेवढं पुरलं.

२. मुलगा दयानंद लातुरात फर्निचरचं शोरूम चालवतो. तयार माल, चार स्क्रू, झालं. मागल्या दिवाळीत माझ्या खोलीचं दार अडकत होतं. "बाबा, तुमी बसा, मी बघतो," म्हणाला आणि खाच पाडायचा रंधा दाराच्या कडेवर चालवला. कडेला पायरी पडली. ती लपवायला आणखी तासलं. शेवटी बोटभर फट राहिली. त्याच फटीतून संध्याकाळी बैठकीतलं त्याचं बोलणं ऐकू आलं:

"बाबाला कुठं ऐकू येतंय? ते गेले की कारखाना इकू. रंधे शोरूमच्या भिंतीला लावू, लुक येतो."

सून आरती म्हणाली, "कोणता रंधा कशाला, ते म्हाईत न्हाई तुमाला. भिंतीला तरी सरळ लावताल का?"

३. सबब माझा सुतारकामाचा कारखाना व चारही रंधे आरतीचे. लग्नानंतर ती इथं उमरीत असताना कारखान्यात डबा घेऊन यायची तेव्हा उंबऱ्यातूनच विचारायची, "मामा, आज रंधा खरखर का करून राहिला?" पातं खरंच बोथट झालेलं असायचं.

दयानंदाच्या माहितीसाठी: मधला रंधा आधी, ओबडधोबड उतरवायला. मग लांब रंधा. तो खड्ड्यात उतरत नाही, उंचवटेच कापतो, म्हणून फळी सपाट होते. आखूड रंधा शेवटी, हात फिरवावासा वाटेल इतकं गुळगुळीत करायला. खाचेचा फक्त खाचेला. कडेला लावला तर मृत्युपत्र बदलतं.

४. दयानंदाला ते दार, फटीसकट. शोरूममध्ये लावावं, लुक येतो.

मात्र त्यानं वर्षाच्या आत माझ्या खोलीला स्वतःच्या हातानं नवं दार करावं. आरतीनं पाठ फिरवून बसावं, फक्त ऐकावं. रंधा सुर्र वाजला आणि दार लावल्यावर बैठकीतलं बोलणं आत आलं नाही, तर कारखान्यात निम्मा हिस्सा त्याचा.

हे साक्षीदारांना वाचून दाखवताना फटीबाहेर दयानंदाच्या चपला वाजल्या आणि थांबल्या. म्हणून कलम ४ मोठ्यानं दोनदा वाचलं.

ठिकाण: उमरी. दि. १७ जानेवारी २०२५

सही: सिद्धेश्वर मलप्पा पांचाळ

साक्षीदार:
१. भगवानराव, उमरी
२. बसवंत, देगलूर (कलम ४ दोनदा ऐकले. बाहेरून "मधला आधी, मग लांब" असं कुणी पुटपुटलं, तेही ऐकले.)