कढईतून पलीकडे

आई, काल मी मन्याड नदीच्या पलीकडच्या वस्तीवर जाऊन आले. आता पूल झालाय, अहमदपूरहून रिक्षा थेट जाते. नदीकाठची चार गावं आणि ती वस्ती, एवढ्यांची तू एकटी नर्स. उन्हाळ्यात वाळू तुडवत जायचीस. पूर आला की वाट बंद.

मी पाचवीत होते. नदी दोन्ही थड्या भरून चाललेली. दुपारी वस्तीवरचा एक माणूस पोहून आला, निथळतच दारात उभा राहिला. त्याची बायको सकाळपासून अडली होती. तू आत भाकरी थापत होतीस आणि मी त्याला सांगून टाकलं, "आई घरी न्हाई." तू पिठाच्या हातानंच बाहेर आलीस. मला मारलं नाहीस. म्हणालीस, "तुला आई पायजे, तशी त्या लेकरालाबी पायजे." मग गावकऱ्यांनी गुऱ्हाळातली मोठी कढई आणली. तू पिशवी मांडीवर घेऊन आत बसलीस, चौघं कडा धरून पोहू लागले. मी काठावर उभी आहे आणि तू एकदाही मागं वळून बघत नाहीस. दुसऱ्या दिवशी परत आलीस ती हसतच. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. त्या दिवसापासून मी मनाशी धरून बसले, आईला भीती ठाऊक नाही, मीच भित्री.

काल ती तेव्हाची बाळंतीण भेटली. केस पिकलेत. तीच लेक शेजारी पिठाची गिरणी चालवते. मी कोणाची ते कळल्यावर तिनं माझा हात धरला, तुझी विचारपूस केली. तू गेल्याचं सांगितलं तशी तिनं मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाली, "नर्सबाई लई भेल्या होत्या. कढईतून उतरल्या तर पाय ठरंनात, दोघांनी धरून आणलं. डोळं मिटूनच आल्या म्हणं साऱ्या पाण्यातून." घरातल्यांनी तेव्हा चहा पुढं केला, तर तू आधी हात धुवायला गरम पाणी मागितलंस, हेही तिनंच सांगितलं.

मला हे तू कधी सांगितलं नाहीस. माझ्या लेकीच्या आजारपणात दवाखान्याच्या पायरीवर माझे पाय असेच ठरत नव्हते, तेव्हा तू हवी होतीस.

हे कुठं पाठवणार? वहीतच राहील. पण एक कबूल करते. तू भ्यालीस हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.