सकाळी सहाची नोंद

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. नदीचं पाणी मोजायचं काम तुमच्या नावावर होतं, पण तुमचे गुडघे धरले तेव्हापासून ते मीच केलं, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ दोन मैल चालत जायचं, दगडी खांबावरच्या कोणत्या आकड्याला पाणी लागलंय ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. बहात्तरच्या दुष्काळात नदीत नुसती वाळू उरली, तरी मी जाऊन शून्य लिहून यायचे. एकदाच घरी बसून लिहिलं, तर तुम्ही म्हणालात, "बघून लिहिल्यालं शून्य येगळं असतं." ते मला पटलं होतं.

मग जागा कायम करायची वेळ आली आणि तुम्ही दादाचं नाव दिलंत. मी मॅट्रिक झालेली, तो सातवी नापास. पोरगी काय, परक्या घरी जायची, एवढंच म्हणालात. वहीत अक्षर मात्र माझंच राहिलं. दादा अंथरुणातून आकडा सांगायचा, मी लिहायचे. त्याला तुम्ही शून्याचं काही सांगितलं नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात नदीला पूर आला. पाणी तांबड्या खुणेवर गेलं की खालच्या गावच्या कोतवालाला सायकलवरून निरोप द्यायचा, असा नियम होता. दादा झोपून राहिला. खालच्या गावचा एक गाडीवान बैलांसकट वाहून गेला. दुसऱ्या दिवशी चौकशीला साहेब येणार म्हणून कळलं. मी भाकरी थापतेय, दादा समोर जेवतोय, तुम्ही भिंत धरत धरत येता आणि वही माझ्यापुढे ठेवता.

"लिही. सकाळी सहाला पानी तांबड्या खुनंच्या वर. कोतवालाला निरोप दिला."

निरोप कुणी दिलाच नाही, असं मी म्हणाले.

"पोराची नोकरी जाईल. तुला काय, तू उद्या लगीन करून जाशील."

मी हात धुतले आणि लिहिलं.

साहेबांनी वही खरी धरली. कोतवाल शेवटपर्यंत म्हणत राहिला, मला कुणीच सांगितलं न्हाई. दवंडी दिली नाही म्हणून त्याचं काम गेलं. त्या हंगामात तो बायकोपोरांना घेऊन श्रीरामपूरकडे ऊस तोडायला गेला. दादा कायम झाला, रिटायरही झाला. परवा तुमच्या श्राद्धाला तो पाहुण्यांना सांगत होता, आबांनी जन्मात खोटी नोंद केली नाही. खरंच आहे, तुम्ही नाहीच केली. मी खाली मान घालून जेवले.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. तुम्ही वही पुढे केलीत तेव्हा मला राग आला नव्हता. दादा समोर असताना तुम्ही पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागत होतात, आणि मला बरं वाटलं होतं.