आत्याच्या उंचीचा पडदा

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द सध्या फक्त कागदावरच आहे. प्रत्यक्षात मला कमरेतून वाकता येत नाही, आणि वाकलोच तर पुन्हा उभं करायला दोन माणसं लागतात. कारण पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांनी दिलेल्या पांढऱ्या डबल चादरी फार उपयोगी पडल्या हेही सांग. कशा उपयोगी पडल्या ते मात्र एकदम सांगू नकोस. आधी त्यांना बसव, पाणी दे, मग सांग. इकडे आई मजेत आहे, चिमणीची परीक्षा संपली आहे, आणि आत्याबद्दल लिहायचं म्हणूनच हे पत्र घेऊन बसलो आहे.

पण आत्याकडे यायचं तर तुझ्या भावजयीच्या वाटेनेच यावं लागतं. आमच्या बाईसाहेबांनी बाजारातला स्टुडिओ सोडला आणि फोटोग्राफीचं दुकान घरी आणलं, हे तुला ठाऊक आहे. दुकान घरी आणलं म्हणजे नेमकं काय केलं हे मात्र इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. तयार मिळणारी एकही वस्तू त्या विकत आणत नाहीत. दुकानातली वस्तू दुकानदाराच्या मापाची असते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे फ्रिजच्या खोक्यावर स्वयंपाकघरातला सगळा चंदेरी कागद चिकटवून त्यांनी उजेड परतवणारा फळा केला (माझ्या डब्यातल्या पोळ्या तेव्हापासून ऑफिसात उघड्याबोडक्या जातात). दिव्याचा प्रकाश मऊ व्हावा म्हणून माझ्या रेनकोटचं पांढरं अस्तर उसवून दिव्याच्या तोंडाला बांधलं. आणि मागचा पडदा हवा म्हणून वहिनींच्या चादरी टबात घालून रंगवल्या. रंग म्हणशील तर ढग दाटून आलेल्या संध्याकाळचा. फार सुरेख उतरला. त्याच टबात चुकून माझे ऑफिसचे शर्टही होते. त्यांच्यावरही सुरेख उतरला. त्यातला एक घालून मी पडद्यासमोरून चाललो, तर चिमणी ओरडली, ‘‘बाबा, तुमचं नुसतं डोकंच चाललंय!’’ बाईसाहेबांनी तेवढ्यात फोटो काढलासुद्धा. फोटोत खरोखरच डोकं आहे आणि दोन हात आहेत. मधला मी संध्याकाळच्या रंगात विरघळलो आहे.

आता तू म्हणशील, हा तक्रार करतोय. अजिबात नाही. दादा, या बाईच्या हातात काय आहे ते मला इतक्या वर्षांत नीट सांगता आलेलं नाही. परवा आमच्या शेजारचा कुलूपवाला बायकोला आणि मुलींना घेऊन फोटोला आला. नवराबायको जिन्यातच भांडून आले होते. त्याचं तोंड एकीकडे, तिचं दुसरीकडे, मुली मधे खांबासारख्या. बाईसाहेबांनी हसा म्हटलं नाही, जवळ सरका म्हटलं नाही. कॅमेऱ्याचं काहीतरी अडलंय असं दाखवत सहज विचारलं, की तुमच्याकडे घोरतं कोण? चौघींनी एकदम कुलूपवाल्याकडे बोट दाखवलं, त्याने बायकोकडे दाखवलं, आणि सगळं घर एकमेकांच्या अंगावर कोसळून हसलं. तो फोटो बघ कधीतरी. रोज दिसणारा माणूस त्यांच्या फोटोत पहिल्यांदा दिसतो, एवढंच मला म्हणता येतं.

तर मूळ गोष्ट अशी, की आपल्या दोघांचं ते लहानपणीचं अभ्यासाचं टेबल होतं ना, त्याच्या खणांच्या बाईसाहेबांनी फ्रेमा केल्या. (होतं, असं लिहिलंय, ते तुझ्या लक्षात आलं असेलच. माफ कर.) घरातल्या सगळ्या माणसांची एक भिंत करायची असं ठरलं, आणि त्यासाठी आईच्या ट्रंकेतले सगळे फोटो हॉलभर पसरले गेले. आम्ही भिंतीला चिकटून, पाय आडवे टाकत वावरत होतो. बाईसाहेब मधे मांडी घालून बसल्या होत्या, आणि एकाएकी गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की मी घाबरतो, कारण पुढे सहसा करवत येते. पण त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, ‘‘आत्या कुठेय?’’

‘‘मागच्या खोलीत, रेडिओ ऐकतेय.’’

‘‘फोटोत कुठेय?’’

दादा, नव्हती. तुझ्या लग्नाच्या फोटोत काठावर एक कोपर आहे, आणि त्या कोपरावर सगळ्यांच्या पर्सेस. सहलीच्या फोटोत गवतावर एक लांबलचक सावली आहे. आत्याएवढं उंच आपल्यात दुसरं कोण आहे? चिमणीच्या पहिल्या वाढदिवसाला एका हाताने धरलेले चार कोट आहेत. पूर्ण आत्या एकाही फोटोत नाही. तिच्या ओळखपत्रावर आहे म्हणावं, तर त्यावरून तिला पोलीसही ओळखणार नाहीत. आपल्याला तिने वाढवलं, टेलिफोन एक्सचेंजमध्ये आयुष्यभर गावाला गाव जोडून दिलं, अजूनही घरचा फोन उचलून आधी ‘नंबर बोला’ म्हणते, आणि फोटोची वेळ आली की ‘मी आहे ना सामान धरायला’ म्हणून बाजूला होते. आपण सगळ्यांनी सामान दिलं आणि बिनधास्त हसलो. आई म्हणाली, ‘‘वन्संना आवडतच नाही फोटो.’’ मीही मान हलवली.

रविवारी घरच्यांचे फोटो काढायचे ठरले. आई ठेवणीतले कपडे घालून तयार, चिमणी तयार, मी रंग न लागलेल्या एकमेव शर्टात. आणि आत्या? घरातल्या घरात फोटो, सामान कोणाकडेच नाही, तरी तिने आईचा चष्मा, माझं घड्याळ आणि चिमणीची वही गोळा केली आणि दाराशी उभी राहिली! बाईसाहेबांनी युक्ती केली. आत्या, उजेड कसा पडतोय ते बघायचंय, तुम्ही क्षणभर स्टुलावर बसता का, असं अगदी कामात असल्यासारखं म्हणाल्या. कुलूपवाला या युक्तीला बळी पडला असता. आत्याने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘सूनबाई, मी एक्सचेंजमध्ये जन्म काढलाय. कोण कुठली वायर कुठे जोडतंय ते मला कळतं.’’

तिने घड्याळ, चष्मा, वही टेबलावर ठेवली आणि ती मागच्या खोलीकडे निघाली. खरंच रागावली होती. आईने हाक मारली, मी ‘अगं आत्या’ म्हणालो, चिमणी तर रडायच्या बेतात आली. तेव्हा दारात थांबून, आमच्याकडे पाठ करूनच तिने सांगितलं. एक्सचेंजमध्ये तिच्या पहिल्या वर्षी सगळ्या मुलींचा मिळून फोटो काढायचा होता. तिने त्यासाठी नवा ड्रेस शिवला होता. फोटोग्राफरने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘त्या उंच बाई, तुम्ही जरा बाहेर या. तुमच्यामुळे रांग बिघडतेय.’’ मग नुसतं उभं काय राहायचं, म्हणून तिने मैत्रिणींच्या पर्सेस धरल्या. ‘‘तेव्हापासून सोपं झालं,’’ आत्या म्हणाली. ‘‘कोणी सांगायच्या आत आपणच बाहेर व्हायचं.’’

आईने रुमालाने डोळे पुसले. आम्ही सगळे आता तिला काय म्हणावं याच्या विचारात, आणि बाईसाहेबांनी काय करावं? कपाटातून मोजपट्टी काढली. आत्याच्या मागे गेल्या, टाचेपासून डोक्यापर्यंत मोजलं, मग पडदा मोजला, आणि डॉक्टरने निदान सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, ‘‘पडदा तोकडा आहे.’’

आत्या वळली. ‘‘काय?’’

‘‘तुम्ही उंच नाही आहात, आत्या. पडदा तोकडा शिवलाय मी. माझी चूक. दुपारपर्यंत थांबाल?’’

मी या बाईशी लग्न केलंय, दादा. कधीकधी माझाच विश्वास बसत नाही.

पुढची सगळी सकाळ म्हणजे धुमाकूळ होता. वहिनींची दुसरी चादर पहिलीला जोडली गेली. आई मशीनवर, बाईसाहेब कात्रीवर, आणि मी शिडीवर. पडदा उंच झाला म्हणजे दांडीही उंच हवी, म्हणून छताला नवा हूक ठोकायचा होता. मी ठोकला. हुकाने थोडा विचार केला आणि छताचा पोपडा घेऊन खाली आला. पोपडा आईच्या चहात, दांडी तिच्या मशीनवर, आणि पडदा माझ्या अंगावर. पडद्याखालून मला आवाज ऐकू आला तो आत्याच्या हसण्याचा. ती दारातून आत आली होती. दुसरा हूक ठोकायला छत राजी नव्हतं, म्हणून शेवटी मी जेवणाच्या टेबलावर उभा राहिलो आणि दांडीचं एक टोक दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. दुसरं टोक कपाटावर. बाईसाहेब म्हणाल्या, हलू नका, एकच मिनिट.

आत्या पडद्यासमोर उभी राहिली. आधी नेहमीसारखी थोडी वाकून, दारातून जाताना वाकते तशी. बाईसाहेब कॅमेरा खाली धरून नुसत्या थांबल्या. आत्याने एकदा वर पाहिलं. डोक्यावर भरपूर पडदा शिल्लक होता. मग ती हळूहळू सरळ झाली. दादा, मी टेबलावर होतो तरी मला ती उंच वाटली. कॅमेऱ्याचा आवाज झाला.

मला वाटलं, संपलं. बाईसाहेबांनी तिला कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो दाखवला. आत्या बराच वेळ बघत राहिली. आम्ही श्वास रोखून. (मी तर दांडीही रोखून.) आणि मग ती म्हणाली, ‘‘चष्मा वाकडा आलाय. पुन्हा काढ.’’

पुन्हा काढला. कॉलर बरोबर नव्हती. पुन्हा काढला. मग एक बसून, एक खिडकीकडे बघत, एक आईचा हात धरून. आईने कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी म्हाताऱ्या शाळेतल्या पोरींसारख्या फिदीफिदी हसल्या, तो. मी ‘हात गेले, हात गेले’ म्हणत होतो, पण त्या घरात त्या वेळी माझं ऐकणारं कोणी नव्हतं. खाली उतरवलं तेव्हा माझी कंबर दांडीसारखी ताठ झाली होती, ती अजून तशीच आहे.

आता भिंतीच्या मधोमध आत्या आहे, आणि आपण सगळे तिच्या भोवती. ती रोज चहाचा कप घेऊन समोर उभी राहते, आणि काल तिने एक्सचेंजमधल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावून सगळा फोटो वर्णन करून सांगितला, ड्रेसच्या बटणापासून. शेवटी म्हणाली, ‘‘नाही गं, मावले की. वर जागासुद्धा उरलीय.’’ बाईसाहेब तेव्हा स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या राहून बराच वेळ एकच कप धूत होत्या.

असो. वहिनींना जप. तुझा,

धाकटा

ता. क. तुमच्या घराचं काम काढलंय आणि जुनी लाकडी खिडकी बदलताय असं कळलं. ती टाकू नकोस. बाईसाहेबांच्या मनात काहीतरी आहे.

ता. क. २. वरची ओळ बाईसाहेबांनी वाचली आणि दुरुस्ती सांगितली. खिडकी नव्हे, खिडक्या. सगळ्या.

ता. क. ३. पत्र टाकायला उशीर झाला, त्यामुळे हे तुला मिळेल तोवर टेम्पो तुमच्या दारात असेल. बाईसाहेब मागे अवजारांबरोबर आहेत, आणि आत्या पुढे ड्रायव्हरला रस्ता सांगते आहे. तिकडे हवा कशी आहे? एकदोन दिवस खिडक्यांशिवाय निभेल ना?