ए बाजूच्या शेवटी उरलेला आवाज

लिहून ठेवतो मी, परशराम नागोजी हुंदरे, वय अडुसष्ट, राहणार बेळगुंदी, तालुका बेळगाव. पूर्वीचा धंदा बेळगावात कॅसेट भरून देण्याचा. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून बसवलेलंही नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करावं ते स्वतःच्या हातानं लिहितो.

कलम एक. राहतं घर आणि मागचं रताळ्याचं रान माझा मुलगा सौरव याला. तो बेंगळुरूला असतो. रान विकावंसं वाटलं तर विकावं, मी बघायला येणार नाही. परड्यातला फणस मात्र तोडू नये. तो माझा धाकटा भाऊ विक्रम यानं लावलेला आहे.

कलम दोन. दुकानातला चालू स्थितीतला डेक आणि हेड पुसायची स्पिरिटची बाटली विक्रमची मुलगी भैरवी हिला. कपाटभर कॅसेटना सौरव भंगार म्हणतो. त्या मागेल त्याला द्याव्यात. बीटल्स आहेत, पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, क्वीन आहेत. गिऱ्हाइकाला गाण्याचं नाव येत नसे. ते दारात उभं राहून तोंडानं गिटार वाजवून दाखवायचं आणि विक्रम आतून सांगायचा, "अण्णा, डीप पर्पल. दुसरी फळी." बँड कितीही मोठा असो, जग त्याला एकाच गाण्यावरून ओळखतं, हे मला त्यानं शिकवलं. माझं इंग्रजी आठवीपुरतं. तरी ती गाणी सुरुवातीच्या दोन सुरांवरून आजही ओळखतो.

कलम तीन. आमची जयाआत्ती विक्रमच्या मातीला आली आणि चारचौघांत म्हणाली, "त्या इंग्रजी गाण्यांनीच पोरगं न्हेलं." पोरगं जांबोटीच्या वळणावर मोटरसायकल घसरून गेलं होतं. आत्ती वारली त्याला वीस वर्षं झाली. मी तिला माफ केलेलं नाही, याची इथे नोंद घ्यावी.

कलम चार. माझ्या कपाटात रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट आहे, ती माझ्या मरणानंतर भैरवीला द्यावी. तिच्याबद्दल जे लिहितो ते भैरवीनं एकटीनं वाचावं.

तुझा बाप आणि त्याचा मित्र केशव सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर ओढून गिटार वाजवायचे. ईगल्सचं ते गाणं, शेवटी दोन गिटार एकमेकींशी बोलतात ते. विक्रम गायचाही. एकदा मी ते सगळं एका कॅसेटवर भरून घेतलं. कॅसेटच्या माथ्यावरची टिकली मोडली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही, म्हणून तीही मोडली. त्याचा आवाज तेवढ्याच एका कॅसेटवर होता.

विक्रम गेला तेव्हा तू आठ महिन्यांची होतीस. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात तुझी आई नीला मला म्हणाली, "भावजी, त्यांचा आवाज मला भरून द्या." मी कॅसेट दुकानात आणून टेबलावर ठेवली. त्याच दिवशी केशव आला. म्हणाला, विक्रम वाजवायचा ती सगळी गाणी मूळ बँडची भरून द्या. कोऱ्या कॅसेट संपल्या होत्या. आमच्या धंद्यात न खपलेल्या सिनेमाच्या कॅसेट वाया घालवत नसत. त्यांची टिकली कंपनीनंच मोडलेली असते. भोकावर चिकटपट्टी लावायची, वर नवा कागद डकवायचा आणि इंग्रजी गाणी भरायची. हाताला इतकी सवय की डोळ्यांना विचारायची गरज नसे. मी टेबलावरची कॅसेट उचलली, पट्टी लावली आणि माझ्या भावावर ईगल्स भरले.

चार दिवसांनी नीलाची कॅसेट भरायला बसलो, तेव्हा कळलं. केशवकडे परत मागायला तोंड नव्हतं. नीलाला सांगितलं, कॅसेट सापडत नाही. ती दर वर्षी विचारायची. मग तूही विचारायला लागलीस. दोन वर्षांपूर्वी नीला गेली, दवाखान्यातही तिनं विचारलं, आणि मी म्हणालो, शोधतोय. मी खोटारडा आहे, भैरवी. दुसरा शब्द नाही.

गेल्या दिवाळीत केशवनं ती कॅसेट मला आणून दिली. घरात वाजवायला काही नाही म्हणाला. मी लावली. ए बाजूचं शेवटचं गाणं संपल्यावर थोडी फीत उरते, तिच्यावर मी काही भरलेलं नव्हतं. तिथे दोन गिटार थांबतात आणि तुझा बाप म्हणतो, "अण्णा, बंद कर की आता. केश्याला भूक लागलीया." एवढंच उरलंय.

वरचा मजकूर लिहून झाल्यावर साक्षीदार केशव यांना वाचून दाखवला. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "अण्णा, मी सही करणार नाही. मी ते पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं. बाजू उलटायला उठलो नव्हतो, फीत चालूच होती. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबलो. थांबता थांबता नीलावहिनी गेल्या. आता मेल्यावर सांगणार व्हय पोरीला?"

मी रडलो, हेही लिहितो. दुसरे साक्षीदार रविराज यांनी पाणी आणून दिलं.

सबब कलम चार मी रद्द करत आहे. वाचता येईल अशी एकच रेघ मारली आहे आणि शेजारी सही केली आहे. भैरवीला इथूनच फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आप्पा, मी रविवारी येते. तोवर तुम्ही ती परत लावू नका. झिजंल."

बाकी कलमं कायम.

साक्षीदार :
१. केशव रामचंद्र मुजुमदार, शहापूर, बेळगाव (सही)
२. रविराज कल्लाप्पा किणेकर, बेळगुंदी (सही)

परशराम नागोजी हुंदरे (सही)
बेळगुंदी, गुरुवार, दि. ६ नोव्हेंबर २०२५

ता. क. कॅसेटच्या भोकावरची चिकटपट्टी आज काढून टाकली आहे.